पडदा बांधलेली बंडी

उकंडा, बायकोला मंगरूळच्या दर्ग्यावर न्यायचं आहे असं सांगून मी तुझी बैलबंडी मागून नेली, त्या दिवशी बंडीत बायको नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही. तिच्या नावानं खोटं बोललो हे तिला कळू नये म्हणून नंतर कितीतरी वर्षं मी तिला तुझ्याशी दोन शब्द निवांत बोलू दिले नाहीत. तू ओसरीवर येऊन बसलास की मी तिला चहाला आत पाठवायचो, चहा झाला की गुरांकडं पाठवायचो. तुला वाटलं असेल, तुळशीराम घरात फार कडक झाला.

परवा तुझी तेरवी झाली. मी पंगतीत वाढायला होतो. वरण वाढता वाढता कानावर येत होतं, "उकंडा मानूस चांगला व्हता, पन..." तुझी पोरं जवळच पत्रावळी टाकत होती, म्हणून त्यापुढं कोणी बोलत नव्हतं. बोलायची गरजही नव्हती. पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे: गावानं राखलेला काळवीट यानं पाहुण्याच्या घशात घातला. ते तू केलं नव्हतंस. मी केलं होतं, आणि मी तिथं वरणाची बादली घेऊन उभा होतो.

तुझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून तुझ्या मायनं तुला जन्मल्याबरोबर शेणाच्या उकंड्यावर ठेवलं आणि परक्याचं पोर उचलावं तसं उचलून घरात आणलं. त्यावरून तुझं नाव. "मले देवानं फेकला, मायनं वेचला," असं तू सांगायचास आणि समोरच्याच्या आधी स्वतःच हसायचास.

आपल्या दोघांची वावरं बरडाला लागून. गावच्या गुरांसाठी सोडलेलं ते मुरमाड गवताळ रान, आणि त्यावर हरणं. आपण लहान होतो तेव्हा हरणं किती हे कोणी विचारत नव्हतं. नजर जाईल तिथं पाठीच दिसायच्या. हरभरा घाट्यावर आला की कळप वावरात उतरायचा. आपण राखणीला बसायचो, तुझ्या बापाची ठासणीची बंदूक घेऊन. एकदा दोन काळवीट आपल्या पुढ्यातच शिंगात शिंगं घालून भिडले. मी नळी उचलली, तर तू तिच्यावर हात ठेवलास.

"राहू दे. भांडू दे त्याइले. आपल्या घरात काय कमी भांडनं होतात? त्यात कोनी बार टाकते का?"

ते थकून वेगळे होईपर्यंत आपण बघत बसलो. तोवर निम्मा हरभरा तुडवला गेला. तुझ्या बापानं आपल्या दोघांच्या सात पिढ्या काढल्या, तेव्हाही तू मान खाली घालून हसतच होतास. एवढं निर्धास्त मी पुन्हा कोणाजवळ बसलेलो नाही.

मग मी शिकारीचे पाहुणे आणायला लागलो. जऊळक्याच्या स्टेशनावर उतरायचे, कधी जीप घेऊन सरळ यायचे. वकील, गिरणीवाले, कोणाचा जावई, कोणाचा मेहुणा. त्यांना रान दाखवणारा माणूस लागायचा आणि मला रान ठाऊक होतं. एकानं जाताना त्याची टोपी मला दिली. ती घालून मी तुझ्या खळ्यावर आलो, तर तू वरपासून खालपर्यंत पाहिलंस.

"टोपी चांगली हाये. अंदर डोकं कोनाचं हाये?"

त्या पाहुण्यांकडं सरकारी पास असायचा. आपल्या गावात तो कोणाकडंच नव्हता. पीक राखायला मिळालेल्या बंदुका होत्या, आणि शिमग्याच्या दुसऱ्या दिवशीची पारध होती. तिला कधी कोण्या सरकारनं पास दिला? म्हणजे कागदावर बाहेरचा माणूस हक्काचा, आणि ज्याच्या हरभऱ्यावर कळप पोसला तो चोर. हे तू पहिल्यांदा बोललास तेव्हा मी चिडलो होतो. आज लिहायला बसल्यावर त्यात मला चूक सापडत नाही.

कळप पातळ व्हायला लागला तसा आपला वाद वाढला. हात कोणी आखडायचा, गावानं की पाहुण्यानं? माझं म्हणणं होतं की पाहुण्याला फक्त शिंगं पाहिजेत. तो एक काळा नर मारतो आणि जातो. नर एखादा कमी झाला तर कळप मोडत नाही. गावातले लोक हरभऱ्याच्या आडून पाडसवाली मादी मारतात, त्यानं मोडतो.

तू म्हणालास, "मादी मारते थो गाढव हाये, हे मले मान्य. पन तुये पाहुने दरसाल सगळ्यात मोठाच नर नेतात. बियान्याचंच कनीस खुडलं तं पुढच्या साली पेरशीन काय?"

"पाहुने आले नाई तं गाव राखते का हरनं?"

"राखन. ज्याचा हरभरा, त्याचं हरीन. पाहुन्यानं एक घाटा तरी पेरला का इथी?"

मी म्हणालो, हरीण पेरून येत नसतं. तू म्हणालास, टोपी घालूनही येत नसतं. तिथं तो वाद थांबला. संपला नव्हता.

पारधीचा मान तुझ्या घराचा. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी शिवेवरच्या वाघामायला तुझ्या घरच्यानं हात जोडायचे, कोणतं जनावर घ्यायचं आणि कोणतं सोडायचं ते त्यानं सांगायचं, आणि त्याच्या शब्दाआधी कोणी हत्यार उचलायचं नाही. म्हणून मारुतीच्या पारावर गाव बसलं तेव्हा तुझ्या बोलण्याला वजन होतं. तडजोड तूच घडवलीस, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. पारध एका दिवसाची आणि एकाच जनावराची. पाहुण्याला काळा नर, तोही बरडावर दुसरा काळा नर असला तरच. शिंगं पाहुण्याची, मांस गावाचं. जायचं ते पायी. जीपमधून बार टाकायचा नाही, आणि बंडीतून तर मुळीच नाही.

बंडीची अट तुझी. कोणीतरी विचारलं, बंडीनं काय घोडं मारलं? तू म्हणालास, "जीप पाहून हरीन पयते. मानूस पाहून पयते. बंडी पाहून पयत नाई, काहून का रोजची हाये. त्याचा तेवढाच एक भरोसा आपल्यावर उरला. थो मोडला तं उद्या आपन वावरात निंघालो का कळप उधळन अन् साऱ्याइच्या पिकातून जाईन." हरणाचा भरोसा ऐकून लोक हसले होते, पिकाचं ऐकून गप्प झाले. अट मान्य झाली.

आणि पुढच्याच साली आपल्या बरडावर काळा नर एकच उरला. गावानं ठरवलं, यंदा पारध नाही आणि पाहुणेही नाहीत. मीही मान डोलावली.

तेव्हा नागपूरकडचे एक म्हातारे वकील माझ्याकडं यायचे. गुडघे गेलेले. दोन खेपा पायी फिरून रिकाम्या हातानं परतले होते. मी त्यांना म्हणून बसलो होतो, "साहेब, पुढच्या वेळी शिंगं तुमच्या भिंतीवर." ते नेमके त्याच साली यायला निघाले. त्यांना नको या म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही. पैशासाठी केलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. डेरा पडला की ते स्वतःच्या खुर्चीशेजारी माझ्यासाठी खुर्ची मांडायला लावायचे. गावात मला कोणी खुर्ची दिली नव्हती. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी तुझ्या अंगणात आलो.

"उकंडा, उद्याच्या दिवस तुयी बंडी दे."

"तुयी कुठी गेली?"

"चाक ढिलं झालं. कौसल्येले पिरबाबाच्या दर्ग्यावर नेतो. नवस बोलाचा हाये." आणि तू काही विचारायच्या आत पुढं म्हणालो, "मायले कळू देऊ नको. कोनालेच सांगू नको."

आम्हाला मूल नव्हतं. माझी माय त्यावरून कौसल्येला चारचौघीत काय काय बोलते, ते तुला ठाऊक होतं.

"येडा हायेस का? असं कोनी सांगते का कोनाले?"

सकाळी बंडी न्यायला आलो तर तू तिच्यावर तट्ट्या लावून ठेवल्या होत्या. आत कडबा पसरला होता, त्यावर तुझ्या घरची वाकळ. "वैनीले दनके बसतीन," म्हणालास. आणि मागच्या बाजूला तुझ्या बायकोचं लुगडं आडवं बांधून पडदा केला होतास, कोणी आत डोकावू नये म्हणून. मला नेमका तोच पाहिजे होता. तो कसा करावा याचा मी आदल्या दिवसापासून विचार करत होतो.

नाल्याच्या पलीकडं जीप उभी होती. वकीलसाहेब तुझ्या वाकळीवर बसले. मी कासरा धरला आणि बरडावर बंडी सोडली. तुझे बैल रोजच्या वाटेनं, रोजच्या चालीनं निघाले. मी लांबून वळसा घेतला, मग जरा जवळून. काळविटानं एकदा मान वर केली, बैल पाहिले, आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. पडद्याच्या फटीतून बार झाला. तो जागच्या जागी बसला, जसा काही थकला म्हणून. माद्या पळाल्या नाहीत. बंडीकडंच बघत उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "शाबास." ते मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

काळवीट जीपमधून गेला. लुगड्याला बंदुकीच्या दारूचा वास लागला होता, तो मी नाल्यात धुतला. तुला बंडी परत देताना सांगितलं, वाटेत धूळ फार होती. तू विचारलंस, "झालं का मनासारखं?" मी हो म्हणालो.

गावाची गुरं राखणाऱ्या झिंगाजीनं पाहिलं होतं. पारावर त्यानं सांगितलं, "बैल उकंड्याचे. बंडी उकंड्याची. बार अंदरून झाला. कोन व्हतं थे दिसलं नाई, पडदा व्हता."

पाटलांनी विचारलं, "उकंडा, बंडी कुठी व्हती त्या दिवशी?"

तू माझ्याकडं पाहिलंस. त्या नजरेत जाब असता तर कदाचित मी बोललो असतो. जाब नव्हता. 'भिऊ नको, मी वैनीचं नाव काढत नाही,' असा तो धीर होता. तू मला धीर देत होतास, उकंडा, आणि मी तो घेतला.

"बंडी माई हाये," तू म्हणालास. "कुठी व्हती थे सांगनार नाई."

"मंग मारुतीच्या पायावर हात ठेव, अन् म्हन, म्या बार टाकला नाई."

तू हात ठेवलास. "म्या बार टाकला नाई."

"मंग कोनी टाकला?"

"थे मले माहीत नाई."

"बैलाइनं टाकला असन," मागून कोणी बोललं. सगळे हसले. मीही ओठ हलवले असतील, मला आठवत नाही. पाटील म्हणाले, ज्याला आपली बंडी कुठं होती ते सांगता येत नाही, त्याच्या शब्दावर गाव हत्यार कसं खाली ठेवील? पारधीचा मान पुंजाजीच्या घरी गेला.

परतताना तू मला विचारलंस, "झिंगाजीनं असं काहून केलं असन रे? म्या त्याचं काय बिघडोलं?" बंडी दर्ग्याला गेली होती हे तू धरून चालला होतास, तेव्हा झिंगाजी खोटा असणारच. मी म्हणालो, "मानसं जळतात." त्या गरिबानं डोळ्यांनी पाहिलेलं खरं सांगितलं होतं. पुढं कितीतरी दिवस तू त्याच्याशी नीट बोलला नाहीस, तेही माझ्यामुळं.

पुढच्या साली पाहुण्यांचा विषय निघाला तेव्हा तू उठलास. पुंजाजीचा भाऊ म्हणाला, "तू बस. विकनाऱ्यानं बोलू नाई." तू बसलास. तू बसल्यावर मला नको म्हणणारं गावात कोणी उरलं नाही. मी पाहुणे आणत राहिलो. ते पाहून गाव म्हणालं, बाहेरचे नेतात तर आपणच काय म्हणून पोट आवळायचं? आणि गाव मारतंय हे दाखवून मी पाहुण्यांना म्हणायचो, लवकर या साहेब, हे लोक काही ठेवणार नाहीत. दोन्हीकडचा हिशेब बरोबर होता. दोन्हीकडं बोट दाखवणारा माणूसच खाली बसवलेला होता. मागच्या शिमग्याला पारध निघाली आणि दिवसभर फिरून एकही हरीण न पाहता परतली. पोरं रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, मागं धावून दमली.

मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली. बारशाला तू आलास तेव्हा मी घरी नव्हतो, पाहुण्यांना घ्यायला स्टेशनावर गेलो होतो. त्यानंतर काही दिवसांनी तू माझ्या वावरात आलास. मी मोट सोडून बसलो होतो. तू धुऱ्यावर टेकलास आणि बराच वेळ काडीनं मातीत रेघा ओढत राहिलास.

"तुळश्या, म्या तुले आजलोक काई मांगतलं का?"

"नाई."

"आता मांगतो. पाहुने नको आनू. हे साल अन् पुढचं साल. तेवढ्यानं दोन-चार पाडसं उठतीन. मंग पाहू."

मी नेहमीचं बोललो. मी नाही आणले तर दुसरा आणील. माझ्या हातून निदान पास पाहून होतं. तू ऐकून घेतलंस आणि पुन्हा म्हणालास, "मले तेवढं दे." तुझा तो मागायचा स्वर मला सहन झाला नाही. मी म्हणालो, "अन् तू तरी कायले बोलून राह्यला? गाव तुले काय म्हन्ते, माहीत हाये ना?"

तू माझ्याकडं पाहिलंस. "माहीत हाये," म्हणालास. उठलास, धोतर झटकलंस आणि तुझ्या वावराकडं गेलास. त्यानंतर आपण पिकावर बोललो, पाण्यावर बोललो, तुझ्या पोराच्या सोयरिकीवर बोललो. हरणांवर कधीच नाही.

हे सगळं मी स्वतःशी एका सोयीनं लावून ठेवलं होतं. तुला ठाऊक नाही, एवढीच ती सोय. ठाऊक नसलेल्या माणसाची माफी कशी मागणार?

तेरवीच्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता कौसल्या म्हणाली, "उकंडाभाऊजी मोठे भोळे व्हते. पोरीच्या बारशाले मले म्हने, वैनी, पिरबाबानं ऐकलं, आता पोरीले घेऊन जा अन् नवस फेडून या. म्या म्हटलं, भाऊजी, कोनता नवस? म्या तं थो दर्गा आजलोक पाह्यला नाई."

मी विचारलं, "मंग?"

"मंग काय. पानी मांगतलं, पेले. मंग म्हने, दुसऱ्या कोनाचं असन वैनी, माया डोक्यात घोटाया झाला. अन् हासले. तुमाले सांगाचं राहूनच गेलं."

ती घासत राहिली. मी तिथून उठलो आणि गोठ्यात जाऊन उभा राहिलो.

म्हणजे तू वावरात आलास तो सगळं कळल्यावर आलास. एका शब्दात मला पारावर उघडं पाडता आलं असतं. तुझा मान परत आला असता, गावानं तुझं ऐकलं असतं. ते सगळं हाताशी असताना तू फक्त दोन सालं मागितलीस, तीही स्वतःसाठी नाही. आणि मी तुला गाव काय म्हणतं ते ऐकवलं.

तू गप्प का राहिलास, हे मला कळत नाही. कौसल्येसाठी असेल. माझ्या मुलीसाठी असेल. कदाचित मी आपणहून बोलेन म्हणून वाट पाहिली असशील, आणि मग वाट पाहणंही सोडलं असशील. मला माफ केलंस असं मी धरणार नाही. ते फार सोपं होईल. तरी तू माझ्या ओसरीवर येत राहिलास, माझ्या मुलीला खांद्यावर बसवून तूर दाखवायला नेत राहिलास, याचे उपकार मी कोणत्या तोंडानं मानू? तिला तू 'पिरबाबाची पोर' म्हणायचास. मी ते ऐकत होतो आणि मला वाटत होतं, बरं झालं, याला अजून खरंच वाटतंय.

आता ओसरीवर कोणी येत नाही. पाहुणेही येत नाहीत. जिथं काही उरलं नाही तिथं कोण येतो? संध्याकाळी मी बरडापर्यंत जातो. गवत आहे. त्यात गुरं आहेत. तुझ्या वावरात तुझा थोरला असतो. तो मला काका म्हणून हाक मारतो, माझ्यासाठी बिडी काढतो. त्यालाही लोक त्याच्या बापाचं 'पन' ऐकवतात, हे मला माहीत आहे. त्याला उत्तर माहीत नाही.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. आपल्या पारावर बसणारे हे वाचणार नाहीत, आणि तुझी अब्रू पारावर गेली, कागदावर नाही. शिमग्याला गाव तिथं बसेल. बंडी त्या दिवशी माझ्याकडं होती आणि बार माझ्या पाहुण्यानं टाकला, हे तुझ्या पोरांसमोर, झिंगाजीसमोर आणि कौसल्येसमोर मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी तुझं देणं लागतो.